हयगय, अविचार आणि भरधाव

पोलीस प्रशिक्षण घेणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. अपघाताच्या फिर्यादीचे जे नमुने त्यांना घोकायला देतात, त्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: 'आपले ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रस्त्याचे परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून…' ते विचारतात, या तिन्ही शब्दांचा अर्थ एकच ना? मग नुसतं 'भरधाव' का पुरत नाही? आणि 'हयगयीने' लिहायचं की 'हयगईने'?

अर्थ एकच नाही. गंमत म्हणजे तिघांत सगळ्यात जोरकस वाटणारा 'भरधाव' हाच कोर्टात सगळ्यात लवकर दम टाकतो.

आधी त्याचंच बघू. भर आणि धाव, म्हणजे पूर्ण जोर लावून धावणं. वेग त्या शब्दात आलाच, त्यामुळे 'भरधाव वेगाने' ही द्विरुक्ती आहे. पण ती इतकी रुळली आहे की काढायला गेलात तर वाक्यच लंगडं वाटेल. खरी अडचण वेगळी आहे. भरधाव म्हणजे नेमकं किती? शाळेसमोरच्या गल्लीत 40 सुद्धा भरधाव, द्रुतगती मार्गावर 80 सुद्धा नाही. 1998 साली कर्नाटकातल्या एका ट्रकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. 'जास्त वेग' हा सापेक्ष शब्द आहे, साक्षीदाराला त्यातून काय म्हणायचंय ते पुराव्यात आलं पाहिजे, आणि नुसत्या वेगावरून हयगय किंवा अविचार सिद्ध होत नाही. वेगमर्यादा मोडण्याचा गुन्हा मोवाका, म्हणजे मोटार वाहन कायदा, याच्या कलम 183 मध्ये वेगळाच आहे. तिथेही एकट्या साक्षीदाराच्या 'मला गाडी जोरात वाटली' एवढ्यावर शिक्षा होत नाही, त्याच्या अंदाजाला यंत्राचा आधार लागतो. थोडक्यात, भरधाव हे वर्णन झालं, दोष नव्हे.

दोष सांगणारे शब्द उरलेले दोन. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम 279, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 281, यांत माणसाच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने गाडी चालवण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांच्यामध्ये 'किंवा' आहे. फिर्यादीत मात्र आपण सरसकट 'व' लिहितो. एक सिद्ध झालं तरी भागतं, पण हात दोन्ही लिहून मोकळा होतो.

हयगय म्हणजे जे करायला हवं होतं ते न करणं. बोलण्यात हा शब्द कुठे येतो पाहा: औषध घेण्यात हयगय, कामात हयगय, तब्येतीची हयगय. दर वेळी मागे काहीतरी कर्तव्य उभं आहे आणि माणूस त्यात कमी पडला आहे. चालकाच्या बाबतीत म्हणायचं तर गाडी मागे घेताना वळून न पाहणं, उतारावर हँडब्रेक न लावता उतरून जाणं, अंधारात बंद पडलेला ट्रक दिवे न लावता रस्त्यातच ठेवणं. यातल्या एकाही उदाहरणात वेग नाही. ट्रक तर उभाच आहे.

अविचारावर मी जरा रेंगाळतो, कारण हा शब्द फसवा आहे. वरवर पाहिलं तर अ-विचार म्हणजे विचाराचा अभाव; मग तो हयगयीच्याच जवळ जायला हवा. पण मराठीत आपण 'अविचार करू नकोस' म्हणतो. जे नाहीच ते करणार कसं? इथला 'अ' अभावाचा नाही, 'अधर्म' किंवा 'अनीती'तल्यासारखा वाईटपणाचा आहे. अविचार ही केलेली गोष्ट असते. आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करणाऱ्याने विचार केलेला असतो. 'समोरून कोणी येत नसेल, निघून जाऊ' हाच तो विचार. मद्रास उच्च न्यायालयाने 1872 मध्ये या दोन दोषांतला जो फरक सांगितला तो नेमका इथे बसतो: एकात वाईट परिणाम होऊ शकतो याची जाणीव असते, पण होणार नाही अशी आशा धरलेली असते, दुसऱ्यात ती जाणीवच नसते, पण पुरेशी खबरदारी घेतली असती तर झाली असती. म्हणून ज्याने कोणी फिर्यादीसाठी 'अविचार' हा शब्द पसंत केला, त्याचा कान चांगला होता असं मला वाटतं. 'बेदरकार'ही चालला असता. फारसीतल्या दरकारला, म्हणजे गरज किंवा पर्वा याला, 'बे' लागला आहे. पण बेदरकार हा माणसाचा स्वभाव झाला आणि कलम स्वभावाला लागत नाही, कृत्याला लागतं.

जाता जाता 'निष्काळजी'. काळजी नसलेला तो निष्काळजी आणि चिंता नसलेला तो निश्चिंत. फोड सारखीच, पण एकाला समन्स जातं आणि दुसऱ्याचा हेवा वाटतो. कारण काळजीला मराठीत दोन अर्थ आहेत, घोर आणि जपणूक, आणि निष्काळजीत फक्त जपणूक गेलेली असते.

तेव्हा तुमच्या सरावासाठी एवढंच सुचवेन की साचा ठेवा, पण प्रत्येक शब्दापुढे 'म्हणजे काय केलं?' असं स्वतःला विचारा. 'राँग साइडने येऊन', 'लाल सिग्नल असताना', 'मोबाइल हातात धरून' असं काही फिर्यादीत आलं की शब्दाला जमीन मिळते. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर या तिन्ही गोष्टी मोवाकाच्या धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम 184 मध्ये नावानिशी आल्या आहेत.

राहिलं शुद्धलेखन. सोय–सोयीने, सवय–सवयीने, तसं हयगय–हयगयीने. 'हयगईने' पुष्कळ कागदांत दिसतं, पण चूकच. 'हय' म्हणजे घोडा आणि 'गय' म्हणजे प्राकृतात हत्ती, अशी फोड कोणी सांगेल. प्राकृतात सैन्याच्या वर्णनात ही जोडी खरोखर येते, पण तिथून निष्काळजीपणाकडे वाट निघत नाही. 'कोणाचीही गय केली जाणार नाही' मधली 'गय' मात्र सवलतीची, आणि तिचंही रूप 'गयीने'च व्हायला हवं, पण ते वापरायची वेळ अजून कोणावर आलेली मी पाहिली नाही. 'आपले ताब्यातील' आणि 'रस्त्याचे परिस्थितीकडे' ही जुन्या कचेरीची मराठी आहे. आज 'आपल्या' आणि 'रस्त्याच्या' लिहिलंत तर फिर्याद कमकुवत होत नाही.