वाचकांचे प्रश्न : चिकाचा हलवा, कडक भाकरी आणि ज्यूंचे सण

प्रश्न : कुरडयांसाठी आमच्याकडे दरवर्षी गव्हाचा चीक निघतो. त्याचाच बेने इस्राएली (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) पद्धतीचा हलवा दोनदा केला. एकदा वड्या पडेनात, एकदा आंबट झाला. यात तूप का घालत नाहीत?
– साखर पेठ, सोलापूर

कुरडईचा चीक थोडा आंबला तरी मीठ आणि तळण त्याला सांभाळून घेतं. हलव्यात तो लपत नाही, शिवाय आंबट चिकानं नारळाचं दूध फाटतं. म्हणून गहू तीन दिवस भिजवताना पाणी रोज बदला, उकाडा असेल तर दोनदा. वाटून, गाळून चीक रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी पूर्ण ओता. इथंच बहुतेकांची घाई होते. पाणी राहिलं की वडी पडत नाही.

एक वाटी दाट चिकाला चार वाट्या नारळाचं दूध (दोन मोठे नारळ), दीड वाटी साखर आणि चिमूटभर मीठ. हे सगळं थंड असतानाच एकत्र करा, तळाला बसलेला चीक हातानं मोडा आणि मगच जाड बुडाच्या पातेल्यात विस्तवावर ठेवा. गरम दुधात चीक ओतला तर गुठळ्या ठरलेल्याच. मंद आचेवर पाऊण तास ते तासभर सतत ढवळा. गोळा कडा सोडतो आणि नारळाचं तेल सुटू लागतं, ती खूण. वेलची घालून ताटात ओता, वर बदाम-पिस्ते दाबा आणि चार-पाच तासांनी कापा. गरम असताना सुरी लावली तर चिकटणारच, त्यात हलव्याचा दोष नाही.

तुपाचं कारण शास्त्राचं आहे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये (बायबल, निर्गम 23:19), या आज्ञेवरून मांसाच्या जेवणात दूधदुभतं वर्ज्य ठरलं. सणाला मटण असतं, म्हणून गोडात नारळाचं दूध. हा हलवा रोश हशानाचा, म्हणजे ज्यू नववर्षाचा; बेने इस्राएलींच्या जुन्या बोलीत ‘नव्याचा सण’. लेवीय 23:24 मध्ये त्या दिवसासाठी विसावा आणि शिंग फुंकणं आहे, पदार्थ एकही नाही. गोडधोडाला आधार नहेम्या 8:10 मध्ये सापडतो : त्याच तिथीला लोकांना गोड पिण्यास आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटा धाडण्यास सांगितलं आहे.

प्रश्न : पेसाख या ज्यू सणाची बिनखमिराची भाकरी म्हणून आपली ज्वारीची कडक भाकरी चालेल का?
– जुळे सोलापूर

दिसायला जवळची, पण नाही. मत्सा, म्हणजे ती बिनखमिराची भाकरी, गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट (गव्हाचाच एक जुना प्रकार) या पाचांतूनच होतो. अनुवाद 16:3 मध्ये खमीर वर्ज्य करणं आणि बिनखमिराची भाकरी खाणं एकत्र येतं. त्यावरून धर्मशास्त्र्यांनी ठरवलं, की ज्या धान्याला खमीर चढू शकतं त्याचाच मत्सा. ज्वारी त्यात बसत नाही. पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांच्या आत मत्सा भाजायला लागतो, म्हणून तो पातळ लाटून टोचतात. ज्यूंचे पूर्वज मिसरातून (इजिप्तमधून) निघताना कणीक फुगायला वेळच मिळाला नाही (निर्गम 12:39), त्याची ही आठवण.

मत्सा म्हणून नाही, पण नुसती भाकरी म्हणून पाहुण्यांना वाढू का? आधी विचारा. बेने इस्राएली घरांत पेसाखला भात चालतो, युरोपातले अश्केनाझी ज्यू मात्र भात-डाळीही टाळतात. त्यातून आपल्या गिरणीत ज्वारीआधी गहू दळलेला असतो, तेवढं पीठही अडचणीचं.

प्रश्न : ज्यूंचे सण दरवर्षी पुढे-मागे का होतात?
– अक्कलकोट रोड

आपल्यासारखेच चांद्र महिने, आणि अधिक मासही. 19 वर्षांत 7 वेळा, पण तो नेहमी अदार या ज्यू महिन्यालाच जोडतात. आपला अधिक मास जागा बदलतो, म्हणून मेळ कधी जुळतो, कधी महिनाभर चुकतो. 2024 मध्ये रोश हशाना आणि घटस्थापना दोन्ही 3 ऑक्टोबरला होती. 2023 मध्ये मात्र रोश हशाना 16 सप्टेंबरला आणि घटस्थापना 15 ऑक्टोबरला. पुरीम हा ज्यू सण 14 अदारला, म्हणजे सहसा होळीच्या आसपास. बेने इस्राएली त्याला ‘होळीचा सण’च म्हणत. शुभेच्छा देताना एक लक्षात ठेवा : दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे कॅलेंडरातल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीच सण लागलेला असतो.