बॉक्सर शकूर स्टीव्हन्सन म्हणजे आधीच्या पिढीतल्या बॉक्सर पर्नेल व्हिटेकरचा नवा अवतार का?
नाही. दोघं डावखुरे आणि दोघंही हाती न लागणारे, साम्य तेवढंच. व्हिटेकर गुडघे मोडून, कमरेत वाकून समोरच्याच्या पुढ्यातच बसायचा. ठोसा डोक्यावरून जायचा. १९९३ च्या चावेझविरुद्धच्या लढतीत हे भरपूर दिसतं (ती पंचांनी बरोबरीत सोडवली, पण जिंकला व्हिटेकरच, असं माझं मत). शकूर ताठ उभा राहतो, वजन मागच्या पायावर घेऊन अर्धं पाऊल सरकतो आणि ठोसा नाकापुढे संपतो. मी ठाण्यात पोरांना बॉक्सिंग शिकवतो, तिथे फरक लगेच कळतो: शकूरची पावलं थोडीफार जमतात, व्हिटेकरसारखं बसायला गेलं की तोल जातो आणि थोबाडावर बसते. मात्र शकूर नेहमीच मागे सरकत नाही. २०२२ मध्ये ऑस्कर वाल्देझविरुद्धच्या लढतीत तो चाल करूनच गेला होता.