हेलिओस बाहेरून मागवताय? थोडं थांबा, भाऊ

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. दारव्ह्याजवळचं गाव, सोनी ए६४००, सोबत आलेली १६-५० किट लेन्स, हाताशी अठरा हजार, लग्नसराईत थोडीफार कामं आणि बाकी हौस. प्रश्न असा की हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स परदेशातून मागवू, की तेवढ्यात एखादी नवी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घेऊ? आणि खाली सहज लिहिलंय, "विकणारा म्हणतो पार्सलवर गिफ्ट लिहितो, कस्टमचं टेन्शन नाही." बाकी पोस्टला दोन ओळींत उत्तर दिलं असतं. या वाक्यासाठी एवढं लिहितोय.

आधीच सांगतो, मी काही या विषयातला पंडित नाही. धंदा कृषी केंद्राचा, चंद्रपूर जिल्ह्यात. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की रात्र रात्र झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचे फोटो काढत फिरतो. अंधारात फोटो काढायची सवय तिथलीच आणि जुन्या लेन्सचं वेडही तिथलंच. त्यामुळे मतं माझी आहेत, पटली तर घ्या. प्राइम कशाला, एफ/१.८ म्हणजे काय (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं, उजेड जास्त), हे तुम्हाला ठाऊक दिसतंय. ते सोडून देतो.

पहिले हेलिओसबद्दल. फोटोत मागची धूसर पानं गोल गरगरल्यासारखी दिसतात, त्यासाठी तुम्हाला ती हवी आहे. पोस्टसोबत नमुने म्हणून टाकलेले फोटो बघितले, सगळे फुल फ्रेमचे, म्हणजे मोठ्या सेन्सरचे. ती गरगर चौकटीच्या कडांना असते, मधोमध नसते. तुमचा सेन्सर एपीएस-सी, त्याहून लहान, म्हणजे कडा आधीच कापल्या गेल्या. ५८ एमएम तुमच्या कॅमेऱ्यावर ८७ सारखी दिसेल आणि ज्याच्यासाठी पैसे मोजले त्यातलं बरंचसं चौकटीबाहेर राहील. परत आणायचं तर लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर, म्हणजे चित्र आकसून सेन्सरवर बसवणारी काचेची कडी, लावा. ५८ चे ४१ होतात, एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेडही वाढतो, पण बरा रिड्यूसर लेन्सपेक्षा महाग पडतो. त्यातही मागे कवडसे पडलेली झाडी हवी आणि माणूस तिच्यापासून बेताच्या अंतरावर हवा. मंडपातल्या मखमली पडद्यासमोर काही गरगरत नाही, राजेहो.

लेन्स वाईट आहे असं नाही. रचना मूळची जर्मनीच्या झाइस कंपनीच्या बायोटार ५८ एमएम एफ/२ या लेन्सची. सोव्हिएत कारखान्यांनी ती झेनिट कॅमेऱ्यांसोबत इतकी काढली की आजही स्वस्तात मिळते. मधोमध छान धार, चेहऱ्याला मऊपणा. फक्त तुमच्या कॅमेऱ्यावर ती तुमच्या मनातली हेलिओस नसेल.

आता पार्सल. कोरोनानंतरची गोष्ट. मी जपानमधून सुपर-ताकुमार ५५ एमएम एफ/१.८ ही पेंटॅक्सची जुनी लेन्स मागवली होती. विकणारा भला माणूस. त्याने आपल्या मनाने लेबलवर 'गिफ्ट' लिहिलं आणि किंमत लिहिली खऱ्याच्या चौथ्या हिश्शाची. त्याला वाटलं, गिऱ्हाइकावर उपकार केले. त्याला काय माहीत, आपल्याकडे डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने पोस्टाने किंवा कुरिअरने गिफ्ट म्हणून बिनाड्युटीचं सामान आणायची वाट बंद केली आहे. सुटली ती राखी आणि जीवरक्षक औषधं. लेन्स या दोन्हीत बसत नाही.

ज्या कचेरीत पार्सल अडलं तिचं नाव लिहीत नाही. पत्र निघालं तिथून, फिरत फिरत आमच्या गावच्या पोस्टात आलं, तोवर त्यातली मुदत उलटून गेली होती. बिल पाठवा, पैसे दिल्याचा पुरावा पाठवा, ओळखपत्र पाठवा. पाठवलं. मेल परत आला, समोरचा डबा भरलेला. फोन लावला तर नुसती रिंग. एकदाचा उचलला तेव्हा पलीकडच्या बाईंनी विचारलं, "लेन्स डोळ्यात बसवायची आहे का? मग डॉक्टरांचं पत्र लागेल." म्हटलं, मॅडम, कॅमेऱ्याची आहे. तर म्हणे, मग तो वेगळा विभाग. त्या वेगळ्या विभागाने पार्सल पुन्हा या विभागाकडे ढकललं. आणि खरी मेख पुढेच होती. लेबलवर एक आकडा, मी पाठवलेल्या बिलावर दुसरा. म्हणजे किंमत लपवली, म्हणजे मी लबाड. ज्याने सगळे कागद दिले त्याच्याच मानेवर दंड. ड्युटीबद्दल माझी तक्रार नाही, सरकारची आहे ती भरावी. पण कोणाला विचारावं, कुठे सही लागते, हे सांगायला एक माणूस नसावा? शेतकऱ्याच्या पीकविम्याची फाइल आणि माझी लेन्स, दोघांची गत एकच.

पावसाळाभर पार्सल तिथल्या गोदामात पडून राहिलं. हाती आलं तेव्हा खोका दमट होऊन लोंबत होता. लेन्स काढली, मागून टॉर्च मारला, तर पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला कडेपासून मधोमध पसरलेले पांढरे बारीक तंतू, धानाच्या रोपाच्या मुळ्यांसारखे. विकणाऱ्याची परत घ्यायची मुदत केव्हाच संपलेली. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका जुन्या कारागिराने खोलून पुसलं, बुरशी निघाली, पण तिने कोटिंग खाल्लेलं होतं. आजही मंचावरचा दिवा समोर आला की त्या लेन्समध्ये धूर भरल्यासारखं दिसतं. लेन्स, ड्युटी, दंड, कारागीर असं सगळं धरलं तर तेवढ्यात सिग्माची वापरलेली ऑटोफोकस लेन्स आली असती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, जुनी लेन्स घ्यायची तर एसटीने जाऊन हातात धरता येईल तिथूनच घ्या. ऑर्डर टाकून बसला असाल तर विकणाऱ्याला आजच कळवा की खरी किंमत लिही, बिल पाकिटावर चिकटव, गिफ्ट शब्द नको. ड्युटीचे दर बदलत असतात, ते त्या दिवशीचे स्वतः बघून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

एसटीच्या टप्प्यात लेन्स कुठे? तालुक्याच्या गावी जुने फोटो स्टुडिओ आहेत ना, आता झेरॉक्स आणि आधार कार्डावर चालणारे. दारव्हा, दिग्रस, पुसद, कारंजा, तुमच्या चहूकडे. मागच्या खोलीत झेनिट, पेंटॅक्स के१०००, याशिका एफएक्स-३, नाहीतर निकॉन एफएम१० पडलेला असतो. कॅमेरा बंद असला तरी चालतो, आपल्याला पुढची लेन्स हवी. जुनी लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर बसवणारी कडी, म्हणजे अडॅप्टर, मात्र प्रत्येकाचा वेगळा. झेनिटला बहुतेक वेळा एम४२ ची आट्याची माउंट (लेन्स बसायची खाच), के१००० ला पेंटॅक्स के, याशिकाला कॉन्टॅक्स-याशिका, निकॉनला एफ. (दोन डोळ्यांची याशिका मॅट कोणी गळ्यात मारायला बघेल. तिची लेन्स निघत नाही, शोकेससाठी घ्यायची तर घ्या.) म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यांशी भाव करताना जरा जपून, भाऊ. चहा घ्या, त्यांचे जुने फोटो बघा. नातवाने मोबाइलवर बघून सांगितलेला भाव आणि त्यांच्या मनातला भाव यात बम फरक असतो.

बघायचं कसं? छिद्र पूर्ण उघडा, मागून टॉर्च तिरपा धरा आणि पुढून बघा. धूळ असणारच, तिच्याकडे दुर्लक्ष करा. पुढच्या काचेवर पुसल्याचे बारीक ओरखडे, तेही चालतात. तंतू दिसले तर ठेवून द्या. सगळीकडे दुधाळ धुकं दिसलं तर तेही नको, ओरखड्यांपेक्षा ते जास्त नडतं. मग छिद्राची रिंग फिरवा, पात्यांवर तेलाची चमक बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत पडलेल्या लेन्सचं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. हेलिओस ४४-२ मध्ये छिद्राच्या दोन रिंगा असतात, त्याला बिघाड समजू नका, तशीच असते ती. हेलिओसच्याच नंतरच्या ४४एम-४ वगैरे मिळाल्या तर मागची पिन दाबून धरणारा, आत कडा असलेला अडॅप्टर लागतो, नाहीतर छिद्र बंदच होत नाही.

अडॅप्टरमध्ये फार कंजुषी करू नका. माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर एम४२ चं ४५.४६ एमएम, सोनीचं १८, म्हणजे अडॅप्टर २७.४६ चा हवा. जास्त जाड निघाला तर दूरचं काहीच फोकस होत नाही, पातळ निघाला तर रिंग अनंताच्या पुढे जाते, ते चालवून घेता येतं. आतून चकचकीत असेल तर मॅट काळा रंग द्या, फोटोचा फिकेपणा बराच कमी होतो. जुनी लेन्स कॅमेऱ्याला ओळखू येत नाही, म्हणून मेनूत लेन्सशिवाय शटर चालू देणारा पर्याय सुरू करा. पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय, लावा, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका, मोठं करून डोळ्यांच्या पापण्या बघा. ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा थरथराट सावरणारी सोय, नाही, त्यामुळे ५८ एमएमला शटर १/१०० च्या खाली नेऊ नका.

लेन्स ठेवायची कुठे, हा आपल्या भागातला मोठा प्रश्न. बुरशी म्हणजे पावसाळ्याचं दुखणं असं सगळे समजतात. माझं मत वेगळं आहे, कूलर जास्त घात करतो. मार्च-एप्रिलपासून दारं-खिडक्या लावून कूलर चालू, गवत ओलं, आणि त्याच खोलीतल्या कपाटात कॅमेऱ्याची बॅग. बाहेर ४५ अंश कोरडं रखरखीत, आत मात्र ओल. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर फार दिवस राहिली की बुरशीला तेवढं पुरतं. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४०-५० मध्ये राहिला म्हणजे झालं. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा वापरा. चामड्याच्या जुन्या पाऊचमध्ये लेन्स ठेवू नका, पाऊच ओल धरून ठेवतो.

आता कामाचं बोलतो. लग्नाची कामं घेताय ना? मग पहिली लेन्स ऑटोफोकसवालीच घ्या, यात मी वाद घालणार नाही. वरातीत डीजेपुढे नाचणाऱ्या नवरदेवाच्या मित्रांना हाताने फोकस करून दाखवा, मग बोलू. एपीएस-सीवर ३० ते ३५ एमएम ही घरातली, मंडपातली, हळदीची लेन्स. ५६ ही नुसत्या चेहऱ्याची, छोट्या खोलीत पाठ भिंतीला लागते. मी तुमच्या जागी असतो तर सिग्मा ३० एमएम एफ/१.४ वापरलेली शोधली असती, नवी तुमच्या बजेटात बसणार नाही. हात थरथरत असतील किंवा व्हिडिओही करत असाल तर सोनीची ३५ एमएम एफ/१.८ ओएसएस, तिच्यात स्टॅबिलायझेशन लेन्समध्येच आहे. व्हिलट्रॉक्स, टीटीआर्टिझनच्या ऑटोफोकस लेन्सही आता वापरण्यासारख्या झाल्यात, फक्त दुरुस्ती कुठे होते ते आधी विचारा.

एक आडगोष्ट, मंडयांमध्ये फार उपयोगी पडलेली. स्वस्त एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक, शटर बंद करा, शटर १/५० नाहीतर १/१०० ठेवा. जुन्या हॅलोजनला हा त्रास नाही. लोक याला लेन्सचा दोष समजून चांगली लेन्स विकून टाकतात.

पिवळी पडलेली ताकुमार मिळाली तर घाबरू नका. काही ताकुमारच्या काचेत थोरियम हा किरणोत्सारी धातू आहे, ५० एमएम एफ/१.४ च्या सात काचांच्या रचनेत तर आहेच, आणि त्याने काच वर्षानुवर्षांत पिवळी होते. काही दिवस उन्हात ठेवली की पुष्कळ उतरते. पण ऊन सकाळचं, मे महिन्याच्या दुपारचं नाही. आणि घरात कापूस भरून ठेवला असेल तर उघडी लेन्स खिडकीत अजिबात ठेवायची नाही. शेवटी ती भिंगच आहे, ऊन एका ठिकाणी गोळा करते, आणि पेटायला कापसाला वेळ लागत नाही. त्याच कारणाने भर उन्हात कॅमेरा गळ्यात लटकवताना झाकण लावा, तुमच्यासारख्या मिररलेस कॅमेऱ्यात मध्ये आरसा नसल्याने ऊन सरळ सेन्सरपर्यंत जातं.

पक्ष्यांचंही तुम्ही विचारलंय. वरच्यांपैकी एकही त्या कामाची नाही. जुनी १३५ एमएम बऱ्याच स्टुडिओंत पडलेली असते, स्वस्तात सुटते, तुमच्या कॅमेऱ्यावर जवळपास २०० सारखी दिसेल. शेताच्या तारेवर बसलेल्या नीलपंखापुरती चालेल. तो उडाला की विषय संपला, त्याला ऑटोफोकसची झूमच लागते.