जुनं जंगल ओळखायचं कसं, वाचवायचं कसं?

प्रश्न : कधीच कुऱ्हाड न लागलेली जुनी जंगलं शोधून वाचवण्याचं काम मला करायचं आहे. बाबा म्हणतात, हा छंद झाला, पोटापाण्याचं काय? कोणतं शिक्षण घेऊ?

उत्तर : बाबांची काळजी रास्त आहे. सुरुवातीची काही वर्षं मुदतीच्या प्रकल्पांवर जातात, एक संपला की दुसरा शोधावा लागतो. पण हा छंद नव्हे. वनखाती, संशोधन संस्था, संवर्धन संस्था या कामाचा पगार देतात.

जुनं जंगल म्हणजे आभाळाला भिडलेली झाडं, असं तुझ्या पत्रातून वाटतं. तो समज आधी सोड. कॅनडात नायगाराच्या कड्यांवर उभ्या खडकाला चिकटलेली सीडरची खुरटी, वेडीवाकडी झाडं आहेत. शहरं जवळ, तरी त्यांचं वय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. 1988 मध्ये ग्वेल्फ विद्यापीठाच्या गटाने त्यांच्या खोडातली वार्षिक वलयं (दर वर्षी एक वाढणारी) मोजायला घेतली. काही झाडं हजार वर्षांहून जुनी निघाली! लेझरने उंची मोजणारं लायडर तंत्र जरूर शीक, पण अशी झाडं त्याला उमगत नाहीत.

म्हणून पदवीला वनस्पतिशास्त्र किंवा वनशास्त्र घे. नुसता ‘पर्यावरण’ विषय मी सुचवणार नाही. झाडं ओळखण्याचा सराव त्यात बहुधा कमी पडतो. पुढे वलयांचा अभ्यास आणि उपग्रह नकाशे. वलयं मोजायला पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढा नमुना काढता येतो, झाड पाडावं लागत नाही.

मोझांबिकमधलं माबू डोंगरावरचं जंगल 2005 मध्ये संवर्धन-शास्त्रज्ञ ज्युलियन बेलिस यांनी उपग्रहचित्रांत हेरलं. आसपासच्या गावांना मात्र ते ठाऊक होतंच. यादवी युद्धात लोक तिथेच लपले होते. तेव्हा जिथे काम करशील तिथली भाषा शीक. मला ही गोष्ट पदवीइतकीच मोलाची वाटते.

राहिलं वाचवणं. पोलंडने बियावोव्हिएझा जंगलात सालकिड्यांचं (झाडाची साल पोखरणाऱ्या किड्यांचं) कारण देऊन 2016 मध्ये वृक्षतोडीची मर्यादा वाढवली. एप्रिल 2018 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ही वाढीव तोड बेकायदा ठरवली. वठलेल्या लाकडात जगणारे संरक्षित भुंगेरे त्या निकालात महत्त्वाचे ठरले. म्हणजे कुणीतरी कुजक्या ओंडक्यांपाशी बसून त्यांची नोंद केलेली होती. तुझ्या कामाचे बरेच दिवस असेच जातील. ते आवडतील का, हे प्रवेशाआधीच पाहा : जुन्या झाडांचा एक तुकडा निवड, उभी वठलेली झाडं, पडलेली खोडं, त्यांवरची शेवाळं वर्षभर वहीत टिपत राहा. ती वही घेऊन बाबांशी पुन्हा बोल.