हिरवं पाणी आणि चार दिवसांचा अंधार

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मुलाच्या वाढदिवसाला दोन फुटी फिशटँक घेतला, त्यात चार गोल्डफिश आहेत. पहिले दोन महिने पाणी अगदी स्वच्छ होतं आणि आता दीड महिना झाला सारखं हिरवं होतंय, इतकं की मागच्या काचेजवळ गेलेला मासा दिसतच नाही. मी दर रविवारी मासे बादलीत काढते, सगळं पाणी फेकते, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून धुते आणि ताजं नर्मदेचं पाणी भरते, पण बुधवारपर्यंत पुन्हा तेच. सकर मासा आणून सोडला तरी फरक नाही. टँक गॅलरीच्या दाराशी आहे, सकाळी तिथे छान ऊन येतं. मासे देऊन टाकू म्हटलं तर मुलगा रडतो. काय करू?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: ताई, मासे कुणाला देऊ नका, आणि सगळ्यात आधी ती रविवारची धुलाई बंद करा. तुम्ही एवढी मेहनत करताय पण त्या मेहनतीनेच पाणी हिरवं राहतंय, हे मला अगदी मनापासून सांगावंसं वाटतं कारण दहातले आठ जण हेच करतात आणि मग कंटाळून टँक माळ्यावर टाकतात.

एक करून बघा. काचेच्या ग्लासात टँकचं पाणी घ्या, मागे पांढरा कागद धरा, आणि ग्लास रात्रभर तसाच ठेवा. सकाळी बघाल तर पाणी अजून हिरवंच, तळाशी फारसं काही बसलेलं नाही. ही माती किंवा घाण नाही, हे पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ आहे, एकेक पेशी काही मायक्रॉनची, म्हणून ती स्पंजमधून आरपार निघून जाते. सकर काचेवरचं, दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, तरंगणारं त्याच्या कामाचं नाही. उलट तो वाढून फूटभराच्या वर जातो आणि घाणही भरपूर करतो, दुकानदार परत घेत असेल तर देऊन या.

आता रविवारी काय होतं ते बघा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजमध्ये आणि खडीत चांगले जिवाणू राहतात, ते त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नर्मदेचं पाणी आपल्याकडे जलूदहून शुद्ध होऊन येतं, त्यात क्लोरीन असतं, त्याच नळाखाली स्पंज चोळला की ते जिवाणू मरतात. मग अमोनिया तसाच साठतो, तो शेवाळाला खत, वर गॅलरीचं ऊन, आणि कोपऱ्यात उरलेल्या थोड्याशा पेशी तीन दिवसांत टँक भरून टाकतात. शिवाय ताजं क्लोरीनचं पाणी माशांच्या कल्ल्यांना त्रास देतं ते वेगळंच.

म्हणून उजेड तोडायचा. दोन फुटी टँकमध्ये साधारण 50 लिटर पाणी असतं, त्यातलं 15 लिटर, म्हणजे एक बादली, नळीने तळाची घाण ओढत काढा आणि तेवढंच पाणी भरा, पण आदल्या दिवशी उघड्या बादलीत 24 तास ठेवलेलं, नाहीतर अँटीक्लोरीनचे थेंब टाकलेलं. मग टँकला जाड चादर किंवा काळं कापड चारी बाजूंनी गुंडाळा, लाइट बंद, आणि चार दिवस असंच. एअर पंप मात्र एक मिनिटही बंद नको, अंधारात शेवाळ ऑक्सिजन देत नाही, उलट घेतं (हिरव्या टँकमधले मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते बरेचदा ह्याच्यामुळे). वीज जात असेल तर बॅटरीचा पंप जवळ ठेवा. खाणं चारही दिवस नाही. मुलाला पटणार नाही पण धडधाकट मोठ्या गोल्डफिशला चार दिवस उपास सहज जमतो. आणि चादर उचलून डोकावायचं नाही, मला माहितेय की राहवत नाही.

पाचव्या दिवशी चादर काढल्यावर पाणी हिरवं नाही तर फिकट, धुरकट दिसेल. ते मेलेलं शेवाळ आहे, ते कुजलं की पुन्हा अमोनिया, म्हणून त्याच दिवशी 15-20 लिटर पाणी बदला, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळा. दोन दिवसांनी आणखी एक बादली.

ह्यानंतरचं खरं महत्त्वाचं. टँक गॅलरीच्या दारापासून आत, जिथे थेट ऊन येत नाही अशा भिंतीला हलवा, रिकामा करूनच हलवा, भरलेला टँक उचलला तर काचेचा जोड सुटतो. लाइट दिवसाला सहा तास, टायमर लावला तर विसरायला होत नाही. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. मनीप्लांटची दोन कटिंग काठावर अडकवा, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, ती नायट्रेट ओढून घेतात आणि शेवाळाला उरत नाही. दर आठवड्याला एक बादली पाणी बदला, बस. एवढं करूनही महिन्याभरात परत हिरवं झालं तर यूव्ही दिवा असलेला फिल्टर घ्या, त्याने आठवडाभरात पाणी मोकळं होतं, फक्त तो उघडा दिवा डोळ्याने बघायचा नाही. पण खरं सांगू का, चार गोल्डफिशना दोन फूट कमीच पडतात, पुढेमागे मोठा टँक बघा.

प्रश्न: पाण्यात तुरटी फिरवली तर चालेल का? आजी माठात फिरवायच्या.
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर: माठात चालते, टँकमध्ये नको. तुरटीने पाण्याची आम्लता वाढते आणि माशांना धक्का बसतो, शिवाय खत आणि ऊन दोन्ही तिथेच राहतात, त्यामुळे शेवाळ परत येणारच.