सात तारीख

पुणे, सोमवार रात्र

प्रिय,

काल तू दोन तास बसलीस आणि मूळ गोष्ट चपला घालताना सांगितलीस. तुझ्याकडे पिशव्या शिवणाऱ्या अकरा बायकांचे जुलैचे पैसे द्यायचे राहिलेत, आणि आज ऑगस्टची अठरा तारीख. त्याआधी आपण काय बोलत होतो? धंदा करणं ही विचारांशी बेइमानी आहे का, नफा घ्यावा का, सगळं सोडून पुन्हा पूर्णवेळ कार्यकर्ती व्हावं का. तुझे डोळे भरून आले होते आणि मी समजूत काढत बसलो. तू गेल्यावर मला स्वतःचाच राग आला. दारात पाऊल टाकलंस तेव्हाच विचारायला हवं होतं, पगार झालेत का?

बेइमानीचं आधी उरकून टाकतो, कारण त्याचं उत्तर या गावात दीडशे वर्षांपूर्वीच मिळालंय. जोतीराव फुले कंत्राटदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे भागीदार. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण, अशा कामांशी त्यांचा धंदा बांधलेला होता. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या मुशी विकायची एजन्सीही त्यांच्याकडे होती. म्हणून सत्यशोधक समाज कमअस्सल ठरला का? अलीकडचं हवं असेल तर हमाल पंचायतीनं १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ ही खानावळ सुरू केली, तीही भाकरी विकतच. तेव्हा हा प्रश्न सोड. तू तो का धरून बसली आहेस हे मला कळतं. तो मोठा आहे, त्यात रात्र रात्र जाते, आणि तेवढा वेळ पर्वतीच्या पायथ्याच्या त्या दोन खोल्यांत, त्या बायकांसमोर, जावं लागत नाही.

हे मी कुठून बोलतो ते सांगतो.

१९७२ साली मी एकोणीस वर्षांचा होतो. केस खांद्यापर्यंत, खांद्याला शबनम, जानवं ओंकारेश्वरापाशी नदीत टाकलेलं. नोकरी करायची नाही, लग्न करायचं नाही, घरचं काही घ्यायचं नाही. गुडलकमध्ये एका चहावर तीन तास आम्ही जग बदलायचो. त्या वर्षी दुष्काळ पडला आणि आम्ही सातजण नगरकडे दुष्काळी कामांची पाहणी करायला गेलो. एका खडीच्या कामावर मी बायकांना शोषण म्हणजे काय ते समजावून सांगत होतो. एक बाई हातोडी थांबवून म्हणाली, “ते राहू दे बाबा. मस्टरवर माझं नाव चढलंय का, तेवढं बघ.” तीन आठवड्यांची मजुरी थकलेली होती. मी मस्टर बघितलं नाही. मला ते कारकुनाचं काम वाटलं. परत येऊन मी त्या बाईवर कविता लिहिली.

कविता आमच्याच अनियतकालिकात छापली. छोटासा अंक. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यातला कंपोझिटर मालकाच्या परवानगीनं रात्री नऊनंतर आमच्यासाठी छपाईचे खिळे जुळवायचा. त्याचे पैसे वेगळे, आम्ही थेट त्याला द्यायचे होते. चार अंकांचे तीनशे चाळीस रुपये झाले. तो मागायला गुडलकपर्यंत आला, पण आत आला नाही. बाहेर सायकल धरून उभा राहिला आणि पोऱ्याकरवी निरोप धाडला. काचेतून त्याची बोटं मला दिसत होती, शिशानं काळी झालेली, सायकलच्या मुठीवर. मी बाहेर जाऊन सांगितलं, पुढच्या आठवड्यात नक्की. पुढच्या आठवड्यात आम्ही पोस्टरं छापली. मग जून १९७५ आला, आणीबाणी लागली, आमच्यातले दोघं येरवड्यात गेले, अंक बंद पडला. त्या धामधुमीत तीनशे चाळीस रुपये कुणाच्या लक्षात राहणार? त्याच्या राहिले असतील. १९८३ साली मी पैसे घेऊन गेलो तेव्हा छापखाना उठलेला होता आणि तो कुठल्या गावाला गेला ते आळीत कुणाला सांगता येईना.

श्रमिकांवरचा आमचा अंक एका श्रमिकाची मजुरी बुडवून निघाला. यावर मी पन्नास वर्षं विचार केलाय आणि मला एकच गोष्ट सापडली. पैसे ज्या दिवशी कबूल केले त्या दिवशी द्यायचे. बाकीची तत्त्वं त्याच्यानंतर.

१९८१ साली भोसरीत भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ टाकला, तेव्हा मी हीच एक गोष्ट पक्की केली होती. सहा कामगार, टर्निंगचं जॉबवर्क. १९३६ चा वेतन प्रदान कायदा तेव्हा सांगायचा की हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत पगार झाला पाहिजे. मी सात म्हणजे सातच धरली. जुने मित्र भांडवलदार म्हणाले. मोर्चाला का येत नाहीस विचारायचे, आणि मी खरंच जात नव्हतो, कारण सहा तारखेला मी गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बाकावर चेक मिळेपर्यंत बसलेला असायचो. ते मला पळपुटा समजले. समजोत. त्यांच्यातल्या कितीजणांनी आयुष्यात एकाला तरी वेळेवर पगार दिला, हे मला अजूनही विचारावंसं वाटतं.

दुसऱ्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकानं पाच महिने पेमेंट अडकवलं. मी बायकोच्या पाटल्या सराफाकडे गहाण टाकल्या आणि सात तारीख पाळली. तिला विचारलं नाही, सांगितलं. पाटल्या चार वर्षांनी सुटल्या. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही आणि त्या तिनं पुन्हा हातात घातल्याही नाहीत. मी तेव्हा बरोबर होतो असं मला वाटतं. सहा घरांत त्या महिन्यात चूल पेटली. पण विचारायला हवं होतं. म्हणून तुला सांगतो, आईकडे मागू नकोस. तुझी स्वतःची ॲक्टिवा आहे, ती वीक.

हो, वीक. त्या बायकांना तू सांगितलंस की तुम्ही कामगार नाही, भागीदार आहात. नफ्यात वाटा ठरलाय का? हिशेबाची वही त्यांनी पाहिली आहे का? नाही ना? मग भागीदार हा शब्द तू उधारी लांबवायला वापरते आहेस, पोरी. मुद्दाम नाही, हे मला माहीत आहे. आम्हीही त्या कंपोझिटरला कॉम्रेड म्हणत होतो. आणि जुलैत लोगोला अठरा हजार गेले, प्रदर्शनाच्या स्टॉलला बारा. ते तीस हजार त्या अकराजणींचे होते.

१९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हापासून मी कचरावेचक बायकांच्या बैठकांना जाऊन बसतो. त्यांच्या ढकलगाड्या माझ्या गाळ्यात दुरुस्त व्हायच्या. पुढे ‘स्वच्छ’ झाली, त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था, २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. त्या बैठकांतून एक शिकलो. बायका भाषण ऐकून घेतात, पण भंगाराच्या दुकानातला काटा स्वतः वाकून बघतात.

आता काय करायचं ते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर आधी ती कर. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान उद्योगांच्या, कायद्यानं लहान उत्पादकाचं बिल फार तर पंचेचाळीस दिवसांत चुकवावं लागतं, उशीर केला तर व्याजासकट. तुझ्या पिशव्यांचे पैसे चौऱ्याहत्तर दिवस अडकलेत आणि तू गिऱ्हाइकाला ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवते आहेस. कायद्याचं कलम घालून पत्र लिही, मी बघून देतो. सरकारी पोर्टलवर तक्रार करायची वेळ आली तर मी बरोबर बसेन. नोंदणी आधीची नसेल तर या बिलाला कदाचित उपयोग होणार नाही, पुढच्या प्रत्येकाला होईल. पुढची ऑर्डर अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कापायला घ्यायची नाही. पगाराचं खातं वेगळं, त्याला हात लावायचा नाही. आणि सात तारीख.

एकूण एकाहत्तर हजार म्हणालीस. गाडीचे येतील त्यात जे कमी पडेल ते मी देतो, हातउसने, परतीची तारीख लिहून. उद्याच सगळ्याजणींना एकत्र बसव आणि नेमक्या कुठल्या दिवशी पैसे मिळतील ते सांग. उशीर का झाला तेही, लोगोसकट. रागावतील. ऐकून घे.

शनिवारी दुपारी घरी ये. रजिस्टर घेऊन ये, अकरा नावं, अकरा सह्या. चळवळीचं आपण त्यानंतर बोलू, हवं तितका वेळ.

तुझा,
काका