स्लॉट कार (ट्रॅकच्या खाचेतून विजेवर पळणारी खेळण्यातली गाडी) स्पर्धेत उतरवायची आहे, जास्त आरपीएमची (मिनिटाला जास्त फेरे घेणारी) कुठली मोटर घेऊ?

मोटरचं नाव काढलंत आणि नेमकी माझी दुखरी जागा दाबलीत. याच प्रश्नावरून मेव्हण्याशी माझं सहा वर्षं वाजलंय, तेव्हा उत्तर लांबलं तर चालवून घ्या.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांचं लेथचं वर्कशॉप आहे. त्याच्या माळ्यावर आम्ही पाच-सहाजणांनी एमडीएफच्या फळीवर राउटर मशीनने खाच मारून, दोन्ही बाजूंना वीज पोचवणारी तांब्याची पट्टी चिकटवून दोन लेनचा ट्रॅक केला होता. गाड्या 1/32 च्या (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याच्या), 12 व्होल्ट, गाडी ट्रॅकला धरून ठेवणारे मॅग्नेट काढून टाकलेले. लांब सरळ पट्ट्याचं नाव रंकाळा आणि शेवटच्या चिमट्यासारख्या वळणाचं गंगावेस, कारण तिथं हमखास खोळंबा. माझी गाडी गंगावेसला टपटपटप उड्या मारायची आणि खाचेतून बाहेर. मी मोटर बदलली. मग आणखी एक बदलली. मेव्हणा शेजारी उभा राहून, "दाजी, आरपीएमच कमी पडतंय." उड्या आणखी वाढल्या.

एका संध्याकाळी मामा चहाचा कप घेऊन वर आले. गाडीकडे बघितलंच नाही, नुसतं ऐकलं. "आरं, मागचं चाक डुलतंय की तुझं. मोटार काय करणार त्याला?" ऑइल इंजिनचे पार्ट टर्निंग करण्यात हयात गेलेला माणूस. अ‍ॅक्सल खाली नेला, व्ही-ब्लॉकवर ठेवला, डोलणं मोजायच्या डायलची सुई टायरला टेकवून बोटाने फिरवला. सुई 0.4 मिलिमीटर हलली. चाक केवढं, तर 20 मिलिमीटरचं! "एवढ्यावर आमचा अख्खा लॉट परत येतोय," म्हणाले आणि चहा संपवला.

रिम सरळ होती, टायरच तिच्यावर सैल बसला होता. मग रिम पुसून टायर फेविक्विकने पक्का केला आणि रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी काचेवर 320 चा पॉलिश पेपर चिकटवला, गाडीचं मागचं चाक त्यावर टेकवलं आणि वायर लावून 5-6 व्होल्टवर फिरवलं. हात फक्त टेकवायचा, दाबलात तर टायर तापून चिकट होतो. सुरुवातीला टायरच्या आतल्या कडेलाच घासल्याची बारीक रेघ उठली, बाकी सगळा चकचकीत. म्हणजे इतके दिवस माझी गाडी तेवढ्या रेघेवर पळत होती! रेघ रुंदावत पूर्ण टायरभर एकसारखा मळकट रंग आला तेव्हा थांबलो, शेवटी 600 फिरवला. दोन्ही टायरांचा व्यास व्हर्नियरने एक आला पाहिजे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

डब्यात आलेली जुनी मोटर परत बसवली. लॅप 7.4 सेकंदांवरून 6.8 वर आला.

तोवर मेव्हण्याने 25,000 आरपीएमची मोटर मागवली होती. रंकाळ्यावर जगात भारी, गंगावेसला भिंतीवर. 20 लॅपच्या शर्यतीत नऊ वेळा गाडी उचलून ठेवली आणि हरल्यावर म्हणे हातातल्या कंट्रोलरच्या ट्रिगरची स्प्रिंग कडक आहे. अहो, टायर जमिनीला धरतच नसेल तर त्या आरपीएमचं लोणचं घालायचं का? हे त्याला अजून पटलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत विषय काढतो.

बाकी किरकोळ. बॉडीचे स्क्रू अर्धा आटा सैल ठेवा, बॉडी थोडी हलली पाहिजे. गाइडखालची (खाचेत अडकणाऱ्या पुढच्या पिनेखालची), पट्टीवरून वीज घेणारी तांब्याची वेणी पसरवून सपाट करा, काळी पडली की बदला. पुढच्या टायरांना नेलपॉलिशचा हात द्या, पुढे पकड नकोच असते. शिसं लावायचं तर चॅसीत जितकं खाली जाईल तितकं. चाकं घासून झाल्याशिवाय यातल्या कशालाही हात लावू नका.

हे सगळं रबरी टायरांचं. सिलिकॉनचे असतील तर पॉलिश पेपर विसरा, ते धड घासलेच जात नाहीत. मॅग्नेट लावून प्लास्टिकच्या ट्रॅकवर पळवणार असाल तर हिशेब वेगळा, तिथं गाडीला मॅग्नेटच धरून ठेवतो आणि मेव्हण्याचं थोडंफार बरोबर निघेल. (हे त्याला सांगू नका.) आणि स्पर्धेचे नियम आधी वाचा, काही ठिकाणी मोटर ठरलेलीच असते, मग तुमचा प्रश्नच मिटला.

तसं नसेल तर 12 व्होल्टला 18,000 ची मोटर पुष्कळ झाली. वळणं फार असतील तर मोटरीऐवजी गिअर बघा, मोटरवरच्या 11 दात्यांच्या पिनियनला अ‍ॅक्सलवर 28 च्या जागी 32 दात्यांचा क्राउन गिअर घातला की वळणातून सुटताना लगेच फरक कळतो. 32 चा क्राउन तुमच्या चॅसीत मावतो का ते आधी बघा, माझ्या एका गाडीत तो खाली ट्रॅकला घासत होता.

मेव्हण्याची ती 25,000 वाली डब्यात पडून आहे. विकायला काढलीय, घेऊ नका.